काच का तडकते? एका उत्तराची उलटतपासणी

‘जाड काचेच्या पेल्यात उकळते पाणी ओतल्यास तो तडकतो. शास्त्रीय कारण द्या.’ हा प्रश्न सोडविला नाही असा विद्यार्थी वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही. उत्तरही ठरलेले. काच उष्णतेची मंदवाहक आहे, आतला थर लगेच प्रसरण पावतो, बाहेरचा पावत नाही, म्हणून पेला तडकतो. एका मुलीने ‘तडा बाहेरून सुरू होतो’ असे लिहिले, तेव्हा ठरलेल्या उत्तराशी जुळत नाही म्हणून मी तिचा अर्धा गुण कापला होता. बरोबर तीच होती.

ठरलेल्या उत्तरात खोटे काही नाही, पण ते अर्धे आहे. न्हाणीघरातला प्लास्टिकचा मग घ्या. प्लास्टिक काचेपेक्षाही मंदवाहक, आणि तेवढ्याच तापमानवाढीला काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावणारे. मग कढत पाण्याने त्याच्या ठिकऱ्या का होत नाहीत? इथे आपण ‘काच ठिसूळ असते’ म्हणून मोकळे होतो. ठिसूळ म्हणजे काय, तर चटकन फुटणारी!

खरे उत्तर बाजारात पाहायला मिळते. वाशिमला फोटो मढविणाऱ्याच्या दुकानात जावे. कारागीर हिरकणीने काचेवर एक ओरखडा काढतो आणि ओरखड्याची बाजू ताणली जाईल अशा बेताने काच हलकेच वाकवितो. काच त्या रेघेवरच दुभंगते, कारण सारी ओढ ओरखड्याच्या टोकाशी एकवटते. प्लास्टिकमध्ये किंवा तांब्यात ते टोक दबून बोथट झाले असते. काचेतल्या अणूंना तसे सरकता येत नाही. टोक धारदारच राहते आणि चीर पुढे धावते, सेकंदाला दीड किलोमीटरपर्यंतच्या वेगाने.

पण घरच्या पेल्यावर हिरकणी कोणी फिरविली? ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर आहे. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूच्या तुलनेत सुमारे ३ मायक्रॉन जाडीचा तंतू, सारख्या क्षेत्रफळामागे, जवळजवळ २० पट ओढ सोसतो असे त्याला आढळले. काच तीच. त्याचे म्हणणे असे की जाड काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. बारीक तंतूत मोठी चीर मावतच नाही. वापरातल्या पेल्यावर राखेने घासताना, एकात एक रचताना अशा चिरांची भर पडत जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आतला थर फुगला की बाहेरचा ताणला जातो आणि तिथल्या एखाद्या चिरेला वाट मिळते. आतला थर दाबाखाली असतो. दाबाने चीर मिटते, उघडत नाही. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर बाहेरचाच थर एकाएकी आकसतो आणि ताणला जातो. ‘आतला थर प्रसरण पावतो’ एवढेच पाठ केलेला मुलगा इथे अडतो.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला ‘प्रभाकर’ कंदील घडत. अशा कोणत्याही कारखान्यात घडविलेली काच सावकाश निववावी लागते. घाई केली तर ताण आतच कोंडून राहतो आणि काच पुढे निमित्तमात्र धक्क्याने जाते. मोटारीच्या बाजूच्या काचेत मात्र हीच घाई मोजूनमापून करतात. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली ठेवतात, म्हणून साधे ओरखडे वाढत नाहीत. चीर आतल्या ताणलेल्या भागापर्यंत पोचली, की सबंध काचेचा एकदम खडीसारखा चुरा होतो.