पोलिसी कागद आणि आपली लेखणी

पोलीस-व्यवस्थेविषयीच्या संशोधन-नियतकालिकांकडे आपण लेख पाठवावेत काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, ती नियतकालिके प्रस्थापितांची. तेथे आपले कोण छापणार? दुसरे, ज्याने पोलिसांचा मार खाल्ला त्याला संदर्भ कशाला हवेत? मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

या नियतकालिकांचे नियम बहुतेक सारखेच असतात. गोषवारा द्या, लेखात स्वतःचे नाव येऊ देऊ नका, प्रत्येक विधानाला आधार द्या. मग तज्ज्ञ परीक्षक तो तपासतात. नाव झाकण्याचा नियम मला स्वागतार्ह वाटतो. आडनावावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात आडनाव न पाहता लेख वाचला जावा, ही लहान गोष्ट नव्हे. अडचण आहे ती आधाराची. आधार म्हणजे कागद, आणि ठाण्यात घडलेल्या गोष्टीचा कागद लिहितो कोण? प्रथम खबर, पंचनामा, जबाब, ठाण्याची दैनंदिनी, सारे पोलिसांच्याच हातचे. सरकारी अहवालांतील गुन्ह्यांचे आकडेही नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे असतात. पायरीवरून परत पाठवलेल्या माणसाची त्यात मोजदाद नसते. ज्याच्यावर आरोप त्याचे दप्तर पुरावा ठरते, आणि ज्याच्या अंगावर वळ त्याचे बोलणे भावनिक ठरते. याला वस्तुनिष्ठता कसे म्हणावे?

मग हा कोंडमारा फोडायचा कसा? मला मथुरा प्रकरणावरील लेखन येथे मार्गदर्शक वाटते. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा खटला दोन पोलिसांवर झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष काढला गेला.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते विधिविषयक नियतकालिकात छापले गेले. त्यांच्यापाशी नवा साक्षीदार नव्हता. न्यायालयाचाच कागद त्यांनी बारकाईने वाचला आणि शरण जाणे वेगळे, संमती देणे वेगळे, हे दाखवून दिले. स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर ते न्यायालयाने खरे धरून चालावे. नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद टिकून आहे.

तरीही त्या पत्राची एक मर्यादा मला जाणवते. मुलीचे म्हणणे तेथे न्यायालयाच्या कागदातून गाळून आलेले आहे. तिच्या वस्तीने लिहिलेला कागद त्या चौघांसमोर नव्हताच. तो लिहिणे हे आपले काम आहे.

प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे, असे कायदाच सांगतो. ती घ्या. वैद्यकीय दाखला घ्या, अर्जाची पोच घ्या. ठाण्याने परत पाठवले तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि ऐकलेले शब्द लिहून ठेवा, आणि तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. तो प्रत्यक्षात कोणी केला, याची नोंद ठेवा. मग पोलिसी कागद आणि वस्तीचा कागद शेजारी-शेजारी ठेवून त्यांतील अंतर दाखवा. त्या अंतरातूनच आपला लेख उभा राहील. नुसत्या घोषणांनी भरलेला लेख परत आला, तर दोष संपादकाला देता येणार नाही.

संपादकांकडेही माझे एक मागणे आहे. परीक्षकापासून लेखकाचे नाव झाकणाऱ्यांनी ठाण्यापासून साक्षीदाराचे नावही झाकू द्यावे. त्याला त्याच गावात राहायचे असते. परीक्षकाने आधार मागितला तर आपण तो द्यावा. पण आधार म्हणून केवळ पोलिसी कागदच चालेल असे तो म्हणाला, तर तेथे लेखी वाद घालावा आणि लेख पुन्हा पाठवावा. हा वाद आपण घातला नाही, तर पोलिसांविषयीचे शास्त्र पोलिसांच्याच दप्तरातून लिहिले जात राहील.