चित्रात दडवलेला निरोप: कचेरीत त्याचा उपयोग किती?

मंडळी, पन्हाळ्यावर बोलायला उभे आहोत, तर सुरुवात इथूनच करू. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा पडून चार महिने उलटलेले. पावसाळी रात्री दोन पालख्या निघाल्या. एक विशाळगडाच्या वाटेला, दुसरीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद. शत्रूच्या हाती दुसरी लागली आणि तेवढ्यात खरी पालखी पुढे निसटली.

चित्रात मजकूर लपवण्याची विद्या, स्टेगॅनोग्राफी, याच जातीची. समोर दिसतं ते साधं चित्र. आत काही आहे असा संशयच येऊ नये, हा डाव. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्या रंगाचा एकेक आकडा असतो. २०० चा २०१ केला तर डोळ्याला फरक कळत नाही. हजार बाय हजार ठिपक्यांच्या चित्रात असे ३० लाख बिट बसतात, म्हणजे ३,७५,००० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे सव्वा लाख चिन्हं! अख्खी कादंबरी मावेल.

गंमत आहे खरी. पण रोजच्या कामात? आम्हाला ही हौस पटत नाही, आणि कारणं व्यवहारातली आहेत.

पहिलं, असं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान केलं जातं. शेवटचे बिट बदलतात, निरोप गेला. दुसरं, सहकारी नोकरी सोडून गेला, तर त्याच्या ‘गुड मॉर्निंग’च्या चित्रात पासवर्ड आहे हे पुढच्याला कोण सांगणार? तो बिचारा जागा मोकळी करायला चित्रच पुसून टाकेल. तिसरं, नुसतं लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. युक्ती कळली की सगळं उघडं. पद्धत शत्रूला ठाऊक असली तरी गुपित टिकलं पाहिजे, असं केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच मांडलं होतं.

आणि चौथं, विश्वासाचं. अमेरिकेत २०१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या एका अभियंत्याला अटक झाली. कंपनीच्या टर्बाइनची माहिती सूर्यास्ताच्या चित्रात दडवून स्वतःलाच मेल केली, असा त्याच्यावर आरोप होता. पगारपत्रकाला कुलूप लावलं तर कुणी भुवई उंचावत नाही. तेच पत्रक फुलाच्या चित्रात सापडलं, तर हेतू प्रामाणिक असूनही उत्तर देता देता नाकी नऊ येतात.

मग विद्या निरुपयोगी का? तसं नाही. छायाचित्रकाराने आपल्या फोटोत मालकीची अदृश्य खूण ठेवावी. तिथे ती कामाची. जिथे ‘माझ्याकडे गुपित आहे’ एवढं कळणंसुद्धा जिवावर बेततं, तिथेही ती हवी. पण मजकूर आधी कुलूपबंद करूनच लपवावा.

पुन्हा गडाकडे या. सोंग ओळखलं गेलंच, आणि शिवा काशीद यांनी त्याची किंमत प्राणांनी दिली. त्या सोंगाने वेळ मिळाला. पुढची वाट मात्र बाजीप्रभूंना खिंडीत उभं राहून राखावी लागली. लपवण्याने वेळ मिळतो, सुरक्षितता नाही. वेढा पडला असेल तर लपवा, मंडळी. कचेरीला वेढा पडलेला नाही. तिथे सरळ कुलूप लावा आणि किल्ली कुणाकडे आहे ते लिहून ठेवा.