घडीचा आर्मरेस्ट: दहा वर्षं अडीच दिवसांत मोजता येतात का?

इनोव्हासारख्या गाडीच्या कॅप्टन सीटला बाजूला एक आर्मरेस्ट असतो. हवा तेव्हा खाली घ्यायचा, नको तेव्हा वर दुमडायचा. एक पिन, एक-दोन बुश, थांबवायला एक स्टॉप, जागेवर धरायला स्प्रिंग किंवा खाचेची यंत्रणा. एवढ्याशा वस्तूवर संशोधन कशाला, असं वाटू शकतं. पण इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, आणि आधी त्याच्याखाली झाकली जाणारी कुरकुर तिथे थेट कानावर येते. म्हणून 'कमी आवाज, जास्त टिकाऊपणा' हा विषय प्रकल्पासाठी वरचेवर निवडला जातो.

विषय चांगलाच आहे. माझा आक्षेप आहे तो त्याच्या नेहमीच्या आराखड्यावर. हा आराखडा साधारण असा असतो: नवा आर्मरेस्ट शांत खोलीत कंपनयंत्रावर ठेवून आवाज मोजायचा. मग वेगळ्या यंत्रावर दुसरा नमुना हजारो वेळा वर-खाली करायचा आणि तो मोडला नाही, तर 'टिकाऊ' म्हणायचं. आवाज एका प्रकरणात, झीज दुसऱ्या प्रकरणात. दोन्हींची गाठ कुठेच पडत नाही.

आता आवाज येतो कुठून ते बघू. खडखड येते ती फटीमुळे: पिन आणि बुश यांच्यात मोकळी जागा असली की कंपनात ते एकमेकांवर आपटतात. करकर येते ती स्टिक-स्लिपमुळे. स्थिर घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असेल, तर पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, ताण साठतो, मग झटक्यात सुटतात, आणि हेच पुन्हा पुन्हा होतं. गंमत अशी की दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. खडखड घालवायला बुश घट्ट बसवला, तर दाब वाढतो. दाबाबरोबर करकरीची शक्यता आणि झीज वाढते. झिजला की फट पडते आणि खडखड परत येते. म्हणजे आजचा आवाज कमी करणारा उपायच उद्याचा आवाज तयार करू शकतो. नव्या नमुन्यावर एकदाच मोजलेल्या आवाजात हे दिसणार कसं?

फट किती महत्त्वाची असते, याचं छोटं गणित करू. पिनला 40 मिमी लांबीचा आधार आहे आणि फट 0.1 मिमी आहे, असं धरा. 300 मिमी लांबीच्या आर्मरेस्टचं टोक मग आडव्या दिशेला साधारण 0.75 मिमी हलेल. झीज होऊन फट 0.3 मिमी झाली, तर टोक सव्वादोन मिमी हलेल. तापमानही मध्ये येतं. पीओएम प्लास्टिक पोलादाच्या जवळपास नऊपट प्रसरण पावतं. 12 मिमीच्या पिनभोवती पीओएमचं घर असेल, तर 40 अंशांच्या फरकाने फट अंदाजे 0.05 मिमीने बदलते, म्हणजे मूळ फटीच्या निम्म्याने. मे महिन्यात उन्हात उभी असलेली गाडी आणि 23 अंशांची प्रयोगशाळा यांत हाच फरक असतो.

आता टिकाऊपणाची चाचणी. दिवसाला 10 वेळा घडी, दहा वर्षं, म्हणजे 36,500 फेऱ्या. मिनिटाला 10 फेऱ्या केल्या, तर हे सगळं सुमारे 61 तासांत उरकतं. दहा वर्षं अडीच दिवसांत! पण या अडीच दिवसांत प्लास्टिकला दाबाखाली हळूहळू बसायला (क्रीप व्हायला) वेळच मिळत नाही. ग्रीस जुनं होत नाही, धूळ आत शिरत नाही. उलट सतत घासण्याने सांधा तापतो, जे गाडीत घडतच नाही.

यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. आर्चर्डच्या 1953 च्या नियमानुसार झीज ही भार आणि घसरलेलं अंतर यांच्या प्रमाणात असते. 12 मिमीची पिन 90 अंश फिरली की पृष्ठभाग साधारण 9.4 मिमी घसरतो. वर-खाली धरून दहा वेळा म्हणजे दिवसाला सुमारे 190 मिमी. आता रस्त्यावरचं कंपन घ्या. सेकंदाला 15 वेळा, प्रत्येक वेळी पुढे-मागे मिळून फक्त 0.02 मिमी घसरण धरली, तरी तासाभरात 1,080 मिमी होतात. एका तासाचा प्रवास म्हणजे दिवसभराच्या घड्यांच्या पाचपटीहून जास्त!

इथे घाई करू नका. 0.02 हा आकडा मी धरलेला आहे. एवढ्या कमी हालचालीत प्लास्टिक नुसतं लवचिकपणे वाकेल आणि घसरण होणारच नाही, असंही शक्य आहे. शिवाय अशा सूक्ष्म घासण्याला आर्चर्डचा तोच गुणांक लावता येत नाही. पण म्हणूनच ते मोजायला हवं. फक्त घड्या मोजणारी चाचणी हा प्रश्न विचारतच नाही.

नमुन्यांची संख्याही पाहा. तीन नमुने तपासले, एकही मोडला नाही. 90 टक्के खात्रीने यातून किती विश्वासार्हता सिद्ध होते? 0.1 चं घनमूळ काढा: 0.46. म्हणजे फक्त 46 टक्के. 90 टक्के विश्वासार्हता म्हणायची असेल, तर एकही अपयश न येता 22 नमुने लागतात. अहवालात मात्र 'चाचणी यशस्वी' एवढंच येतं.

व्हीडीए 230-206 ही जर्मन वाहनउद्योगाची पद्धत वापरली, की काम झालं असंही काहींना वाटतं. दोन सामग्रींच्या जोडीत स्टिक-स्लिपचा धोका किती, हे ती 1 ते 10 च्या मापावर सांगते. सामग्री निवडायला ती उत्तम आहे. पण ती जोडीबद्दल बोलते, तुमच्या सांध्यातल्या फटीबद्दल नाही.

मग करायचं काय? तोच नमुना दोन्ही यंत्रांवर आलटून पालटून न्या. सुरुवातीला, आणि मग दर 5,000 फेऱ्या व ठरावीक तासांच्या कंपनानंतर, टोकाची ढिलाई आणि आवाज दोन्ही मोजा. थंड आणि गरम अशा दोन्ही तापमानांत मोजा. आर्मरेस्ट वर दुमडलेला असतानाही मोजा, कारण तेव्हा त्यावर हात नसतो, भार नसतो, आणि खडखडीला मोकळं रान मिळतं. आवाजासाठी नुसता सरासरी डेसिबल देऊ नका. अधूनमधून येणारी खडखड सरासरीत बुडून जाते. वेळेनुसार बदलणारी लाउडनेस 'सोन' या एककात दाखवा.

यातून ढिलाई आणि आवाज यांचा एक आलेख मिळेल: किती मिमीपर्यंत सांधा शांत राहतो आणि कुठून पुढे वाजायला लागतो. डिझायनरला तोच हवा असतो. तुमच्या प्रस्तावात हा आलेख येणार नसेल, तर दोन प्रकरणं लिहायला घेण्याआधी मार्गदर्शकांशी याच मुद्द्यावर बोला. यंत्रं तीच लागतात, नमुने मात्र जास्त लागतात, आणि तो खर्च पहिल्या वर्षीच मागून घेतलेला बरा.