चोरी कोणाची?

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत घर मिळते ते नोकरीच्या श्रेणीनुसार. खाजगी घरमालक पुष्कळदा आधी आडनाव विचारतो. तेथून फार दूर नसलेल्या माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा अशाच एका खोलीपाशी येऊन ठेपते. स्थळ उधना, माणसे रेल्वे कामगार. कथेतील मारहाणीविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला अधिक जाचतो तो तिच्या आधीचा आदर: कवी म्हणून नायकाला मिळालेला मान जात कळताच गळून पडतो. जात न लपवणारा काशिनाथ ऐनवेळी धावून येतो, हे थोडे नाटकी वाटते. शीर्षकातील ‘चोरली’ मात्र अचूक आहे. बाप्तिस्म्यानंतरही सोयरीक जुळवताना मूळ जात हळूच विचारणाऱ्या आपल्या घरांतही लपवणाराच चोर ठरतो. विचारणाऱ्याला कोणी नाव ठेवत नाही.