काठावरची बालके : ख्रिस्ती मराठी वाङ्मयातील एक अनुत्तरित प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्या बीदर जिल्ह्यातील एका खेड्यात एका मेथॉडिस्ट कुटुंबाच्या दुःखात सहभागी होण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. कुटुंबप्रमुख माझ्या शाळेतील सहशिक्षक होते. त्यांचे बालक जन्मल्यापासून तिसऱ्या दिवशी गेले. पाळकसाहेबांनी मृदू शब्दांत प्रार्थना केली, बालक प्रभूच्या मांडीवर आहे असे सांगितले, आणि मंडळी परतली. ओसरीवर बसलेल्या आजीबाईंनी मला हाक मारून हळूच विचारले, "गुरुजी, लेकराच्या डोईवर पाणी पडलं न्हाई. कुटं गेलं आसंल ओ ते?" मी पाळकसाहेबांच्या बोलण्याची आठवण करून दिली. त्यावर त्या म्हणाल्या, "आसंच जर हाय, तर मग पाणी कशाला घालत्यात?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी ख्रिस्ती नाही; कलाशाखेची पदवी घेताना या विषयाशी जो परिचय झाला तो मुख्यतः वाङ्मयाच्या वाटेने. परंतु आजीबाईंच्या दोन वाक्यांत पंधराशे वर्षांच्या ख्रिस्ती धर्मचिंतनाचा पेच सामावलेला आहे, हे पुढे वाचन करताना ध्यानात आले. आणि मग दुसरा प्रश्न मनात उभा राहिला. चारशे वर्षांहून अधिक काळ मराठीत ख्रिस्ती वाङ्मय लिहिले जात आहे. त्या वाङ्मयाने या आजीबाईंस काय दिले?

प्रथम पेच समजून घेऊ. ख्रिस्ती मतानुसार आदामाचे पाप मनुष्यजातीस जन्मतःच चिकटलेले आहे, आणि पाण्याने व आत्म्याने नवा जन्म घेतल्यावाचून देवराज्यात प्रवेश नाही असे योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. उलट मार्काच्या शुभवर्तमानात येशू बालकांना आपल्याजवळ येऊ देण्यास सांगतो व देवराज्य अशांचेच आहे असे म्हणतो. या दोन वचनांच्या मधल्या जागेत बाप्तिस्म्यापूर्वी मेलेले मूल उभे आहे. पाचव्या शतकात पेलेजियसच्या मतांशी झालेल्या वादात संत ऑगस्टीनने पहिल्या वचनाची बाजू इतकी घट्ट धरली की, अशी बालकेही दंडास पात्र ठरली. त्यांचा दंड सर्वांत सौम्य असेल, एवढीच सवलत त्याने दिली.

मध्ययुगीन पंडितांना हा निर्णय सोसला नाही. त्यांनी एक तिसरे स्थान कल्पिले. त्याचे लॅटिन नाव लिंबस, म्हणजे वस्त्राचा काठ. नरकाच्या काठावरील या प्रदेशात बालकांना यातना नाहीत; ईश्वरदर्शन मात्र नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने त्यात आणखी कोवळीक आणली. आपण कशाला मुकलो हे त्या बालकांना ठाऊक नसते, म्हणून ती दुःखीही नसतात, असे त्याने प्रतिपादिले. ही कल्पना चर्चने कधी अटळ सिद्धांत म्हणून जाहीर केली नाही, तरी शतकानुशतके ती शिकवली गेली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये बाप्तिस्म्याची आवश्यकता पुन्हा ठासून सांगितली. संकटसमयी सुईणीनेही बालकाच्या डोक्यावर पाणी घालून तो विधी करावा, ही कॅथलिक परंपरेतील मुभा या भयातूनच महत्त्व पावली.

काव्याने या काठाची दखल शास्त्राइतकीच आस्थेने घेतली आहे. ख्रिस्तपूर्व काळातील व्हर्जिलच्या महाकाव्यात सहाव्या सर्गात पाताळाच्या उंबरठ्यावर प्रथम ऐकू येते ते अर्भकांचे रडणे. दान्तेने आपल्या नरकवर्णनाच्या चौथ्या सर्गात हीच बालके थोर अख्रिस्ती पुरुषांच्या सोबतीला ठेवली. तेथे किंकाळ्या नाहीत, नुसते उसासे आहेत. दान्तेचा मार्गदर्शक व्हर्जिल स्वतःच त्या काठाचा रहिवासी आहे, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. शास्त्राचा निकाल दान्तेने मान्य केला. परंतु ज्याचा हात धरून तो चालतो तोच त्या निकालाचा बळी आहे, हे वाचकास पदोपदी जाणवत राहते.

आता आपल्या भाषेकडे वळू. इंग्लंडात १५४९ मध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन पुराणे, सुमारे अकरा हजार ओव्या असा त्याचा विस्तार. मंगळूरची १९०७ ची आवृत्ती आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती यांमुळे ते आपल्या अभ्यासकांच्या हाती आले. या ग्रंथाच्या शब्दयोजनेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. स्वर्गास 'वैकुंठ', नरकास 'यमकुंड' असे शब्द फादरांनी निःसंकोचपणे घेतले. परंतु वरच्या व खालच्या लोकांसाठी आपल्या पुराणपरंपरेत जसे शब्द तयार होते, तसा मधल्या काठासाठी एकही नव्हता, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. कोणी त्रिशंकूचे नाव घेईल. पण त्रिशंकू आपल्याच हट्टाने अधांतरी लोंबकळला; बालकाने कोणता हट्ट केला होता?

शब्द नव्हता, कारण प्रश्नच त्या रूपाने आपल्याकडे उपजला नव्हता. पुनर्जन्म मानणाऱ्या परंपरेत मेलेले मूल हे केवळ मूल नसते. तो दूरच्या वाटेवरचा वाटसरू असतो. भागवताच्या सहाव्या स्कंधातील चित्रकेतूची कथा शिक्षकबंधूंस ठाऊक आहेच. विषप्रयोगाने मेलेल्या राजपुत्राचा जीव नारद परत बोलावतात, तेव्हा तो जीव विचारतो की, हे माझे कोणत्या जन्मीचे आईबाप? तत्त्व म्हणून उत्तर बिनतोड आहे. पण कोणत्या आईचे समाधान त्याने झाले असेल? दोन वर्षांखालील मुलास अग्नी न देता पुरावे, त्यास तिलोदक नाही, असे आपली स्मृतीही सांगते. म्हणजे आपल्याकडे बालकाच्या गतीची चिंता मिटली, आणि तिच्याबरोबर शोकाचा विधीही आखडला. ख्रिस्ती मताने एकच जन्म मानला, म्हणून तीन दिवसांच्या आयुष्याचेही मोल त्यास अनंतकाळाच्या मापाने करावे लागले. त्या मतातील कठोरपणा आणि त्याचे गांभीर्य या दोहोंचा उगम एकच आहे. हे न ओळखता त्यास केवळ निर्दय म्हणणे हा अन्याय होईल.

'ख्रिस्तपुराणा'च्या दुसऱ्या पुराणात येशूच्या बालपणाचा भाग आहे, आणि त्यात हेरोद राजाने बेथलेहेमात केलेला बालवध येतो. चर्च या बालकांस हुतात्मे मानते; २८ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन. त्यांच्या रक्तानेच त्यांना न्हाऊ घातले, म्हणून त्यांच्या गतीविषयी शंका नाही. पुराणकाराच्या दृष्टीने प्रसंग मोठ्या सोयीचा: मातांचा आक्रोश रंगवावा आणि अखेर सांत्वनही करावे. पण जरा बाजूला होऊन पाहिले म्हणजे विसंगती डोळ्यांत भरते. राजाच्या तलवारीने मेलेले मूल वैकुंठात गेले. त्याच काळच्या शिकवणीप्रमाणे तापाने मेलेले, पाणी न पडलेले मूल मात्र काठावर राहिले. दोघांनीही स्वतः काहीच केलेले नव्हते. गोव्यातील नवख्रिस्ती घरांत तापाने जाणारी मुले थोडी नसतील. त्यांच्या मातांसाठी पुराणाच्या रचनेत जागा निघू शकली असती. कारण श्रोत्याने मध्येच शंका विचारावी व वक्त्याने निरसन करावे ही आपल्या पुराणकथनाची रीत फादरांनी उचललेली आहे. माझ्या मते या थोर ग्रंथाची खरी मर्यादा येथे आहे. भाषा त्याने आमची घेतली, अलंकार आमचे घेतले, शंका विचारणारा ब्राह्मणही आमचा घेतला; ओसरीवरच्या आजीबाईंची शंका मात्र घेतली नाही. सतराव्या शतकातील धर्मप्रचारकाकडून ही अपेक्षा करणे काळाच्या दृष्टीने अवाजवी आहे, हे मान्य. तथापि समीक्षकाने उणीव उणीव म्हणून नोंदवलीच पाहिजे.

प्रॉटेस्टंट पंथांनी लिंबस नाकारला, म्हणून त्यांच्याकडे प्रश्न सुटला असे नव्हे. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनाग्रंथात बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी दफनविधी वापरू नये अशी सूचना होती. कॅल्व्हिनपंथी निवडलेल्या बालकांच्या तारणाची ग्वाही देत. न निवडलेल्यांविषयी बोलणे टाळीत. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी मात्र आदामाच्या दोषासाठी कोणतेही बालक नरकात जात नाही अशी निःसंदिग्ध भूमिका घेतली, आणि बालकांचा बाप्तिस्माही चालू ठेवला. आमच्या भागातील पाळकसाहेबांचे सांत्वन याच परंपरेतले. आणि आजीबाईंचा दुसरा प्रश्न नेमका याच परंपरेला उद्देशून होता.

एकोणिसाव्या शतकापासून मराठीत या पंथांचे वाङ्मय बहरले. त्याचे शिखर म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६). लक्ष्मीबाईंनी अपत्यवियोग सोसला होता, आणि पतीच्या १८९५ मधील धर्मांतरानंतर स्वतःच्या विचाराने, सावकाश, त्या ख्रिस्ती झाल्या. धर्मपंडितांचा हा वाद त्यांच्या लेखनात शोधू नये. त्यांचा ओघ सिद्धांताकडे नाही, माणसांकडे आहे. दुःख सांगताना त्या त्याची आरास मांडीत नाहीत. तेथे आजीबाईंची भाषा प्रथमच ख्रिस्ती मराठी ग्रंथात बरोबरीच्या मानाने आली. पुराणाने सिद्धांत दिला, आत्मकथेने शोक दिला. पण सिद्धांत आणि शोक यांची समोरासमोर गाठ घालून देणारी कृती मला अद्याप आढळलेली नाही.

कॅथलिक विचारही दरम्यान हलला आहे. १९९२ च्या धर्मशिक्षाग्रंथाने अशा बालकांस देवाच्या दयेवर सोपवण्यास सांगितले. देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, असे मर्मवचन त्यात आहे. २००७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने लिंबसची कल्पना तारणेच्छेचे चित्र फार आखूड करते असे मानून, या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार असल्याचे म्हटले. आशा म्हटले, खात्री म्हटली नाही. हा सावधपणा मला प्रामाणिक वाटतो.

यावरून आमच्याच भागातील एक कथा आठवते. फादर स्टीफन्सांहून दोनच वर्षांनी लहान असलेले दासोपंत (१५५१ ते १६१५) बेदर परगण्यातील नारायणपेठचे. वसूल थकला म्हणून बेदरच्या बादशहाने या मुलास ओलीस ठेवले, आणि मुदतीत रक्कम न आल्यास त्यास आपल्या धर्मात घेण्याचे ठरवले, अशी आख्यायिका आहे. मुदत सरता सरता दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी सेवक येऊन भरणा करून गेला. तो प्रत्यक्ष दत्तात्रेय होता. आख्यायिकेचा इतिहास तपासण्याचे हे स्थळ नव्हे. तिचा भाव पाहावा. मुलाच्या हातात काही नाही, बापाच्या हातात काही नाही, नियम अटळ आहे. अशा वेळी नियम मोडला जात नाही, तर धनी स्वतः येऊन तो पुरा करतो. 'देव आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही' या वाक्याचे याहून जवळचे मराठी रूप मला सापडत नाही. आणि आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही कदाचित याच दिशेस असेल. पाणी घालायचे ते आपल्या हाती तेवढेच आहे म्हणून; ते पडले नाही तर धन्याचे हात बांधले जातात म्हणून नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले, आणि भालकी, औराद, हुमनाबादकडील मराठी माणूस काठावरचा ठरला. काठास वस्त्रात जागा आहे की नाही, हा प्रश्न आम्हांस परका नाही. म्हणूनच की काय, मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखन एखाद्या स्वतंत्र प्रकरणाच्या शेवटी उरकले जाते, ते मला खटकते. आमच्या बीदर-कलबुर्गीकडील ख्रिस्ती घरांतील बायकांच्या तोंडची गाणी, प्रार्थना आणि शंका अकादमीच्या सभासदांनी उतरवून घ्याव्यात, अशी विनंती आहे. त्या आजीबाई आता हयात नाहीत. त्यांचा प्रश्न एवढ्या निमित्ताने मराठी कागदावर आला, तरी मी त्या दिवशी ओसरीवर गप्प बसलो त्याची थोडी भरपाई होईल.