पाळण्याआधीचा प्रश्न

सतीश राजवाडे दिग्दर्शित 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० साली आला. २०१५ च्या दुसऱ्या भागात गौतम व गौरी विवाहबद्ध झाले आणि २०१८ च्या तिसऱ्या भागात अनपेक्षित गर्भारपणाने त्यांना गाठले. स्वप्नील जोशी व मुक्ता बर्वे यांनी साकारलेले हे दांपत्य त्या वार्तेने प्रथम धास्तावते, आणि हा प्रामाणिकपणाच चित्रपटाचे बळ होय. 'गोड बातमी' कळताच पेढे वाटावेत, हा आपल्या पडद्याचा प्रघात. येथे मात्र आपली तयारी आहे काय, हा प्रश्न पतिपत्नींपुढे उभा राहतो. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या परिपत्रकात मांडलेले जबाबदार पालकत्व याच प्रश्नापासून सुरू होते.

उणीव एवढीच, की या घराला पैशाची विवंचना नाही. नांदेड-लातूरहून पुण्यास जाऊन भाड्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्यांना ही मुभा कोठून? पहिले बाळंतपण माहेरी होईल; पुढे दोघेही कामावर गेल्यावर बाळ कोणी सांभाळावे, या प्रश्नाशी चित्रपट फारसा झुंजत नाही.

तरीही लग्नाला वर्ष होण्याआधीच सुनेला 'काही विशेष?' म्हणून विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.