शिवी, विनोद आणि श्रोता : मराठीतील प्रादेशिक भेदांचा एक विचार

शिवी हा भाषेच्या अभ्यासात पुष्कळ काळ उपेक्षित राहिलेला विषय आहे. कोशकारांनी तिला ‘ग्राम्य’ अशी खूण लावून बाजूला ठेवले आणि समीक्षेने तिचा विचार बहुधा अश्लीलतेच्या वादापुरता केला. विनोदाचे तसे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रापासून न. चिं. केळकरांपर्यंत त्याची मीमांसा होत आली आहे. मात्र भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत दोन-दोन वाटून दिले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. कोणी किती हसावे हे त्याच्या पायरीवरून ठरते, असा हा दंडक होय. मराठी समीक्षेने तो नावाने सोडला असला, तरी वृत्तीने सोडलेला नाही. पुण्याचा विनोद सूक्ष्म आणि मालवणचा किंवा नागपूरचा भडक, ही रूढ समजूत त्याच दंडकाची नवी आवृत्ती आहे.

ही समजूत भाषिक पुराव्यापुढे टिकत नाही. पुणेरी उपरोधात अपमानाचे सारे काम व्याकरणाकडून करून घेतले जाते. ‘तू’ म्हणण्याजोग्या माणसाला ‘आपण’ म्हटले, ‘शहाणेच आहात’ यातील ‘च’वर किंचित जोर दिला, की एकही असभ्य शब्द न उच्चारता समोरचा माणूस घायाळ होतो. प्रसिद्ध पुणेरी पाट्यांची रचनाही हीच आहे : शब्द शिष्टाचाराचे, आशय हाकलून देण्याचा. उलट नागपूरकडील ‘बे’ हे मित्रामित्रांतील साधे संबोधन आहे; पुण्यात तेच उद्धटपणाचे वाटते. मालवणीतील ‘मेल्या’ हे ‘मरणे’ या धातूचे रूप, परंतु त्यात पुष्कळदा लाडच अधिक असतो. कोल्हापुराकडे जिवलग मित्राचे स्वागत ‘रांडेच्या’ या शब्दाने होऊ शकते. म्हणजे एकीकडे शिवीवाचून अपमान आहे आणि दुसरीकडे अपमानावाचून शिवी आहे. यांपैकी कोणता व्यवहार अधिक सुसंस्कृत, हे केवळ शब्द मोजून ठरवता येणार नाही.

शिवीचा अर्थ शब्दात कमी आणि नात्यात अधिक असतो. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानवशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्यांविषयी लिहिताना दाखवून दिले, की काही नात्यांत एकाने थट्टा करावी आणि दुसऱ्याने ती मनाला लावून घेऊ नये, अशी समाजाचीच अपेक्षा असते. आपल्याकडील दीर-भावजयीची थट्टा या जातीची. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भरणारा ‘बोरीचा बार’ हे याहूनही बोलके उदाहरण आहे. सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया ओढ्याच्या दोन काठांवर जमून, हातवारे करीत एकमेकींना शिव्या देतात. येथे दिवस नेमलेला, जागा नेमलेली आणि दोन्ही बाजूंना बोलण्याचा अधिकार सारखा. त्या मर्यादेत शिवी हा सोहळा होतो.

गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाचे यश याच दृष्टीने पाहिले पाहिजे. १९८० साली मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. कोकणातील एका गावचे हौशी लोक महाभारतातील प्रसंग उभा करू पाहतात आणि पौराणिक नाटकाची भारदस्त भाषा घडोघडी मोडून तिच्यातून मालवणी बाहेर पडते. त्यातील शिवी कोणाला खाली पाडण्यासाठी नाही. नटाचा मुखवटा गळून खाली गावकरी दिसतो, त्या क्षणाची ती खूण आहे. हास्य उत्पन्न होते ते या दोन भाषापातळ्यांच्या संघर्षातून. पुढे ज्यांनी शिवी तेवढी उचलली आणि संघर्ष सोडून दिला, त्यांचे विनोद मंद पडले. शिवाय त्यांनी एक नुकसानही केले : मालवणी म्हणजे शिव्यांची बोली, असा समज शहरी प्रेक्षकांत पक्का झाला. ज्या बोलीत शोक, भक्ती आणि व्यवहार सारे चालते, ती केवळ हसण्याची वस्तू ठरली.

याच्या उलट टोकाला विजय तेंडुलकरांचे १९७२ सालचे ‘सखाराम बाइंडर’ उभे आहे. परिनिरीक्षण मंडळाशी झालेला त्याचा झगडा न्यायालयापर्यंत गेला. सखारामची शिवराळ भाषा प्रेक्षकाला मोकळे हसू देत नाही, कारण ज्या स्त्रीला ती ऐकावी लागते तिला उलट बोलण्याचा अधिकार नाही. घर त्याचे आणि नियमही त्याचे. शब्द तेच, परंतु ओढ्याचा दुसरा काठच तेथे नाही.

यावरून नाते चांगले असले की शिवी निर्दोष, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अपुरा ठरेल. ‘रांड’ हा शब्द संस्कृत ‘रंडा’पासून, म्हणजे विधवा या अर्थापासून आलेला आहे. ‘साला’ हा बायकोचा भाऊ. त्या शिवीचा रोख बहिणीवर असतो. दोन पुरुषांच्या स्नेहात या शब्दांची धार जाते हे खरे. पण ज्यांच्या नावाने तो स्नेह चालतो, त्या विधवेला आणि बहिणीला त्या थट्टेत जागा नसते. जातिनामांच्या शिव्यांविषयी तर एवढेही समर्थन उरत नाही.

हा प्रश्न आज केवळ रंगभूमीचा नाही. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेकाठी वसलेले खराडी हे एकेकाळचे शेतीचे गाव. आज तेथील संगणक-उद्योगाच्या इमारतींत विदर्भ, मराठवाडा, कोकण आणि परप्रांत येथून आलेली माणसे शेजारी-शेजारी काम करतात. त्यांचा पुष्कळसा संवाद लिहून धाडलेल्या त्रोटक वाक्यांतून होतो. तोंडी बोलण्यात ‘बे’ला सूर असतो, ‘मेल्या’ला हसरा चेहरा असतो, लिखाणात उरते ती नुसती अक्षरे. पुणेरी ‘आपण’ही नागपूरच्या वाचकाला खराखुरा आदर वाटू शकतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्याने बोलण्याच्या बाबतीतही ‘नकोसे’ असणे हा निकष ठरवला. बोलणाऱ्याचा हेतू थट्टेचा होता, एवढ्याने तेथे भागत नाही. भाषाविचारही याच ठिकाणी येऊन पोचतो.

तात्पर्य, शब्द ग्राम्य आहे की नागर, हा प्रश्न दुय्यम आहे. ऐकणाऱ्याला त्याच भाषेत उत्तर देण्याची मुभा आहे काय, आणि थट्टा नको असल्यास तो ती नाकारू शकतो काय, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील तेथे शिवीसुद्धा स्नेहाची भाषा होते. नसतील तेथे अत्यंत शुद्ध मराठीतील ‘आपण’ही शिवीच ठरते.